११ बाय १४ च्या खोलीत कोणती लेन्स?

पत्र: चिपळूणमध्ये आमच्या घराची माडीवरची खोली रिकामी आहे. ११ बाय १४ फूट, छत साडेनऊ फुटांवर. तिथे छोटा पोर्ट्रेट स्टुडिओ सुरू करायचा आहे. कॅमेरा कॅनन २०० डी मार्क २, सोबत आलेली १८-५५ लेन्स, एक स्टुडिओ फ्लॅश आणि एक छत्री एवढं सामान आहे. काम मुख्यतः बायोडाट्याचे आणि पासपोर्टचे फोटो, डोहाळजेवण, बारसं, बोरन्हाण. लेन्ससाठी ३० हजार बाजूला काढलेत. दुकानदार म्हणतो पोर्ट्रेट म्हणजे ८५ एमएम एफ/१.८. एक मित्र वापरलेली ७०-२०० देतोय. दोन-तीन वर्षांत मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्यायचा विचार आहे, तेव्हा आत्ताची लेन्स वाया जाईल का? काय घ्यावं?

उत्तर: ८५ आत्ता घेऊ नका आणि ७०-२०० चा विचार सोडून द्या. कॅननची ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम घ्या, १८-५५ विकू नका, उरलेले पैसे मागच्या पडद्यावर आणि उजेडावर घाला. (एमएमचा आकडा मोठा तितका फोटोत भाग कमी मावतो; एफ/ चा आकडा लहान तितका उजेड जास्त येतो.) हिशेब खाली मांडला आहे. खोली किंवा कॅमेरा बदलला की उत्तर बदलेल, तेव्हा तो तुम्हाला स्वतःला करता आला पाहिजे.

आधी खोली. तिचे १४ फूट तुम्हाला पूर्ण मिळत नाहीत. माणूस पडद्याला चिकटून बसवला की त्याची सावली पडद्यावर पडते, आणि पडदा रंगीत असेल तर त्याचा रंग मानेवर आणि केसांच्या कडेला उतरतो. म्हणून मध्ये साडेतीन फूट हवेत. तीन चालतील, दोन नाही. तुमच्या बाजूला ट्रायपॉड, तुम्ही आणि तुमची पाठ यांना दोन फूट लागतात. उरले साडेआठ. दुकानात कोणी काहीही सांगो, तुमची लेन्स या साडेआठ फुटांत बसली पाहिजे.

बसते की नाही हे काढायला सोपं गणित आहे. २०० डी मार्क २ चा सेन्सर (कॅमेऱ्यातला फोटो टिपणारा भाग) २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा. कॅमेऱ्यापासून माणसापर्यंतचं अंतर फुटांत घ्या, त्याला २२ ने गुणा आणि लेन्सच्या एमएमने भागा. चौकटीची लांब बाजू फुटांत मिळते. आखूड बाजूसाठी २२ च्या जागी १५.

साडेआठ फुटांवरून कॅमेरा उभा धरला तर ५० एमएममध्ये पावणेचार फूट उंचीची चौकट मिळते, म्हणजे डोक्यापासून मांडीपर्यंत. बायोडाट्याचा हाफ फोटो आणि डोहाळजेवणाचा पोटावर हात ठेवलेला फोटो दोन्ही यात आरामात येतात. ८५ एमएममध्ये त्याच जागेवरून २.२ फूट मिळतात, डोकं आणि छाती. मागे सरकायला भिंत आहे, त्यामुळे ८५ लावली की हाफ फोटो विसरा. ७०-२०० ला ७० वर २.७ फूट मिळतात आणि २०० वर एक फूटही नाही, नुसतं डोकं जेमतेम मावेल. एफ/२.८ ची ७०-२०० सुमारे दीड किलोची, तिचा बहुतेक पल्ला या खोलीत कधी वापरलाच जाणार नाही.

या हिशेबाला एक अपवाद आहे. खोलीचं दार ११ फुटी भिंतीत, म्हणजे लांबीच्या टोकाला असेल आणि बाहेर माडीवर तीन-चार फूट मोकळे असतील, तर दारात उभं राहून १२ फूट अंतर मिळेल. १२ गुणिले २२ भागिले ८५ म्हणजे ३.१ फूट. तिथून ८५ वर हाफ फोटो निघतो. तसं दार असेल तर दुकानदाराचं म्हणणं बरोबर ठरतं. कोपऱ्यातून तिरपं उभं राहूनही दोन-तीन फूट वाढतात, पण मग पडदा कोपऱ्यात लावावा लागतो आणि लाइट स्टँडला जागा उरत नाही.

आता ‘८५ ने चेहरा छान येतो’ या समजुतीकडे. चेहऱ्याची ठेवण अंतरावर ठरते, एमएमवर नाही. नाकाचा शेंडा कानापेक्षा साधारण १२ सेंटीमीटर पुढे असतो. दोन फुटांवरून फोटो काढला तर नाक कानाच्या मानाने वीस टक्के मोठं उमटतं, गाल मागे पळतात, कान दिसेनासे होतात. सात फुटांवरून हाच फरक सहा टक्क्यांच्या आत येतो. एकाच जागेवर उभं राहून ५० ने आणि ८५ ने फोटो काढा, चेहरा तंतोतंत सारखाच येईल, ८५ चा फोटो फक्त मधला भाग कापून घेतल्यासारखा असेल. ८५ ची ख्याती पडली ती फुल फ्रेम, म्हणजे ३६ मिलिमीटर लांब सेन्सरच्या कॅमेऱ्यांवर. तुमच्या सेन्सरवर जवळपास तेवढाच कोन ५० ला मिळतो, कारण ५० गुणिले १.६ म्हणजे ८०.

यातून कामाचा नियम निघतो: चेहरा मोठा हवा म्हणून पुढे जाऊ नका, मागेच राहा आणि नंतर कापा. ५० एमएमवर नुसतं डोकं आणि खांदे चौकटभर घ्यायचे तर साडेचार फुटांवर जावं लागतं. ते अंतर जरा जवळचंच, रुंद नाकाच्या माणसाला अन्याय करणारं. सहा फुटांवर थांबा. तिथून चौकट २.६ फुटांची असते. तुमच्या कॅमेऱ्याचे लांब बाजूला ६००० पिक्सेल आहेत. अर्धी उंची कापली तरी ३००० उरतात, आणि ८ बाय १० इंची प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) नेमके तेवढेच लागतात. पासपोर्टच्या ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या फोटोला तर साडेपाचशे पिक्सेलही लागत नाहीत. अमेरिकेच्या व्हिसाचा २ बाय २ इंची फोटोही त्याच फाइलमधून निघतो, फक्त डोक्याभोवती मोकळी जागा सोडा.

किट लेन्स, म्हणजे सोबत आलेली १८-५५, ५५ पर्यंत जातेच, मग ५० कशाला, असं तुम्ही विचाराल. प्रश्न योग्य आहे. फ्लॅश लावून एफ/८ वर काढलेल्या ८ बाय १० च्या प्रिंटमध्ये दोघींतला फरक गिऱ्हाइकाला सांगता येणार नाही. खरं तर तुम्हालाही येणार नाही. फरक पडतो तो फ्लॅश नसताना. किट लेन्स ५५ वर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही, ही ५० एफ/१.८ पर्यंत उघडते, म्हणजे दहापट उजेड आत येतो. बारशाच्या बाळावर फ्लॅश मारण्यापेक्षा खिडकीपाशी दुलईवर झोपवून एफ/२.८, शटर १/२००, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढली की फोटो दाणेदार होतो) ८०० वर काम करता येतं. चिपळूणच्या पावसाळी दुपारी, जेव्हा खिडकीतून जेमतेम उजेड येतो, तेव्हा किट लेन्सवर हेच आयएसओ ३२०० वर जाईल. शिवाय ५० एमएम ३५ सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस करते. बाळाच्या मुठी आणि पावलं तिच्यावर छान येतात. ८५ ला ८५ सेंटीमीटर मागे राहावं लागतं.

पण एफ/१.८ हातात आली की सगळे फोटो एफ/१.८ वर काढण्याचा मोह होतो, आणि नवीन स्टुडिओचे सर्वांत जास्त फोटो तिथेच वाया जातात. पाच फुटांवर एफ/१.८ ला फोकसची खोली सुमारे सहा सेंटीमीटर असते. मान जरा वळलेली असली की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा मऊ. बायोडाट्याचा फोटो पाहणाऱ्याला ते कलात्मक वाटत नाही, फोटो हलल्यासारखा वाटतो. एकट्याचा खिडकीतला फोटो एफ/२.८ ते ४, फ्लॅशवरचा एफ/५.६ ते ८, आई-वडील-बाळ असा गट एफ/८. फ्लॅश असताना एफ/१.८ बहुधा जमतही नाही: शटर १/२०० च्या वर नेलं की चौकटीत काळा पट्टा येतो, आणि बऱ्याच स्टुडिओ फ्लॅशचा सर्वांत कमी झोतसुद्धा आयएसओ १०० वर एफ/१.८ साठी जास्त होतो. म्हणूनच एफ/१.४ च्या लेन्ससाठी जादा पैसे मोजू नका.

फोकसबद्दल. या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये नऊ फोकस पॉइंट आहेत आणि क्रॉस प्रकारचा (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा) फक्त मधला. मधल्या पॉइंटने डोळा पकडून मग कॅमेरा वळवला तर एफ/१.८ ला फोकस डोळ्याच्या मागे, कानाकडे सरकतो. लेन्स आणि बॉडीचं जमत नसेल आणि फोकस नेहमीच थोडा पुढे-मागे पडत असेल, तर ते दुरुस्त करायची सोय या बॉडीच्या मेन्यूत नाही. दोन्हींवर तोडगा एकच: लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढण्याची सोय) चालू करा आणि त्यातला डोळा ओळखणारा फोकस लावा. तो फोकस मुख्य सेन्सरवरूनच घेतो, त्यामुळे चूक उरत नाही. खोलीत अंधार करून फक्त फ्लॅशवर काम करत असाल तर फ्लॅशचा मॉडेलिंग लाइट (त्यातला सतत जळणारा दिवा) चालू ठेवा, नाहीतर लेन्स पुढे-मागे होत राहील. बोरन्हाणाला मूल काळ्या झबल्यात असतं. फोकसचा चौकोन कापडावर पडला तर पकडायला काहीच सापडत नाही. तो चेहऱ्यावर ठेवा, नाही जमलं तर हलव्याच्या दागिन्याच्या कडेवर. पांढरा हलवा जळून सपाट पांढरा होऊ नये म्हणून आधी एक चाचणी फोटो काढून हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघा.

फुल फोटो हे या खोलीतलं खरं अवघड काम, आणि नऊवारीत फुल फोटो मागितला जाणारच. सव्वापाच फूट उंचीची बाई, वर-खाली थोडी जागा, म्हणजे साडेसहा फुटांची चौकट. साडेआठ फुटांवरून त्याला २८-२९ एमएम लागते. ५० एमएमवर तोच फोटो काढायला जवळजवळ पंधरा फूट मागे जावं लागेल, म्हणजे तुमच्या खोलीच्या बाहेर. इथे तुमची १८-५५ कामी येते. तिला २८ वर, एफ/८ वर ठेवा. कॅमेरा कमरेच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर, आणि सरळ ठेवा. डोळ्यांच्या उंचीवरून खाली झुकवला की पाय आखूड आणि डोकं मोठं दिसतं. रुंद लेन्सच्या कडेला वस्तू ताणल्या जातात, म्हणून डोकं आणि पाय चौकटीच्या अगदी काठाला नेऊ नका. जागा वाचवायला १८ वर जाऊन पाच-सहा फुटांवरून फुल फोटो काढणारे खूप आहेत. त्या फोटोतली माणसं स्वतःला ओळखतात, पण प्रिंट मागत नाहीत.

फुल फोटोत पडद्याचाही हिशेब बदलतो. पडदा कॅमेऱ्यापासून १२ फुटांवर. २८ एमएमला तिथे ६.४ फूट रुंदी दिसते, आणि कॅमेरा तीन फुटांवर असल्याने वर पावणेआठ फुटांपर्यंत. पायाखाली पडदा पुढे ओढून आणावा लागतो, पावलांच्या पुढे आणखी फूटभर. ६ बाय ९ चा पडदा इथे अपुरा पडतो, ८ बाय १२ चा जेमतेम पुरतो. आडव्या चौकटीतल्या कुटुंबासाठी ३५ एमएम लागते, तिला पडद्याजवळ साडेसात फूट रुंदी दिसते, म्हणजे तिथेही ८ फुटी पडदाच. एफ/८ ला साडेतीन फुटांवरच्या सुरकुत्या स्पष्ट दिसतात. वाफेची इस्त्री हाताशी ठेवा.

किट लेन्सची एक खोड ध्यानात ठेवा: १८ वर एफ/४ उघडते, ५५ वर एफ/५.६. मॅन्युअलमध्ये एफ/४ ठेवून झूम केलात तर न सांगता उजेड एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा होतो आणि एकाच बैठकीतले फोटो वेगवेगळे दिसतात. एफ/५.६ किंवा त्यापुढे ठेवलं की हा प्रश्न येत नाही.

खात्री हवी असेल तर खरेदीआधी फुकटची चाचणी करा. किट लेन्स ५० च्या खुणेपाशी फिरवून झूमच्या रिंगवर कागदी टेप लावा, म्हणजे ती हलणार नाही. नेमकी एमएम फोटोच्या माहितीत वाचा. जमिनीवर ६ आणि साडेआठ फुटांवर खडूने खुणा करा. घरच्या माणसांना बसवून हाफ, क्लोजअप, जोडी आणि बाळ अशी सगळी कामं तेवढ्यावर काढा. टेप काढावीशी कधी वाटली ते लिहून ठेवा. ती फक्त फुल फोटोला आणि गटाला काढावी लागली तर ५० घ्यायला हरकत नाही. सतत काढावी लागली तर अडचण जागेची आहे आणि ५० घेऊनही ती सुटणार नाही.

५० एमएम एसटीएम दहा हजारांच्या आसपास मिळते. उरलेल्या वीस हजारांत आधी ८ बाय १२ चा एक साधा राखाडी पडदा आणि स्टँड घ्या. मग छत्रीऐवजी जाळी लावता येणारा सॉफ्टबॉक्स. छत्रीचा उजेड लहान खोलीत सगळ्या भिंतींवर आपटून परत येतो आणि चेहरा सपाट होतो. भिंती पिस्ता किंवा पिवळ्या असतील तर त्वचेवर तोच रंग चढतो, मग कितीही महागडी लेन्स लावा. भिंती आणि छत पांढरे करून घ्या. एका बाजूला थर्माकोलची पांढरी शीट आणि दुसऱ्या बाजूला टांगायला काळं कापड ठेवा, सावली हवी-नको ते त्यांवर ठरवता येईल. ट्यूबलाइट आणि फ्लॅश एकत्र वापरू नका, फोटो काढताना ट्यूब बंद. सॉफ्टबॉक्स समोरच्या कोनात असला की त्याचा उजेड लेन्सवर तिरपा पडून फोटो धुरकट होतो, म्हणून ५० ला हूड (लेन्सपुढचा आडोसा) लावा. ते वेगळं विकत घ्यावं लागतं. स्टुडिओत यूव्ही फिल्टर काढून ठेवा.

ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणारं यंत्र) घेताना जपून. २०० डी मार्क २ च्या हॉट शूवर (वरच्या फ्लॅशच्या खाचेत) मधला कॉन्टॅक्ट नाही. एकाच पिनचे स्वस्त ट्रिगर त्यावर चालत नाहीत, फ्लॅश उडतच नाही. कॅननसाठीच बनवलेला, आणि ज्याच्या कागदावर २०० डी मार्क २ चं नाव आहे, असाच घ्या आणि दुकानातच आपल्या कॅमेऱ्यावर लावून बघा.

मिररलेसची धास्ती सोडा. कॅननच्या मिररलेसचा आरएफ माउंट (लेन्स बसवायची खाच) २०१८ मध्ये आला. त्या कॅमेऱ्यांवर ईएफ आणि ईएफ-एस लेन्स, म्हणजे तुमच्या आत्ताच्या कॅमेऱ्याच्या, अडॅप्टरने लागतात, ऑटोफोकससकट. उलटं होत नाही: आरएफ लेन्स तुमच्या आत्ताच्या कॅमेऱ्यावर बसणार नाही, ‘पुढे कामाला येईल’ म्हणून कोणी दिली तर घेऊ नका. पुढचा कॅमेरा आर५० किंवा आर१० घेतलात तर सेन्सर एवढाच, वरचा हिशेब तसाच. फुल फ्रेम घेतलात तर २२ च्या जागी ३६ ने गुणा. मग साडेआठ फुटांवरून ५० एमएममध्ये सहा फूट येतात आणि ८५ मध्ये ३.६. म्हणजे याच खोलीत ८५ हाफ फोटोची लेन्स होईल आणि ५० जवळजवळ फुल फोटोची. ८५ घ्यायची ती तेव्हा.

ती वापरलेली मिळाली तर चांगलंच. ईएफ ८५ एफ/१.८ ही १९९२ पासूनची लेन्स आहे, एफ/१.८ वर जरीच्या आणि दागिन्यांच्या कडांना जांभळी झाक देते, एफ/२.८ नंतर ती बरीच कमी होते. विकत घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की ती बुरशी, लेन्स परत करा, कितीही स्वस्त असली तरी. अ‍ॅपर्चरच्या (लेन्समधल्या उजेडाच्या भोकाच्या) पात्यांवर तेलाची चमक नको. फोकस जवळून दूर आणि दुरून जवळ दोन्हीकडे न अडखळता गेला पाहिजे.

आणि बुरशी फक्त दुसऱ्याच्या लेन्सला होते असं नाही. कोकणातल्या जून ते सप्टेंबरमध्ये चामड्याच्या पिशवीत किंवा कपाटात ठेवलेली नवी लेन्सही सुटत नाही. ड्राय कॅबिनेट परवडेपर्यंत रबरी कडा असलेला हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहू द्या. निळं जेल गुलाबी झालं की ते बदला. डांबरगोळ्या डब्यात टाकू नका. ५० एमएम डब्यात ठेवण्याआधी तिची पुढे आलेली नळी आत गेली आहे ना ते बघा. फोकस मोटारीवर चालतो, त्यामुळे कॅमेरा बंद केल्यावर ती हाताने आत ढकलू नका. कॅमेरा चालू असतानाच फोकस अनंताला न्या, नळी आत जाते, मग बंद करा.